पानाची पुडी

गुरुवारी साडेसहाला मी खुर्च्या मांडतो.
चोवीस प्लास्टिकच्या, सहा लोखंडी,
एकीचा पाय आखूड, तिच्याखाली
जुन्या उपासनेचं पत्रक, घडी घातलेलं.
सोलापूरची फरशी दोन बादल्या पिऊन टाकते,
तरी चप्पल काढणारा पाय उचलूनच धरतो.

पाळकसाहेबांनी फाटकावर पाटी लावली
चार लिप्यांत: या, बसा, विचारा.
उर्दूतलं एक अक्षर उलटं पडलं होतं.
पहिल्याच गुरुवारी मुजावर आले,
खडूनं ते नीट केलं
आणि बसले ते बसलेच.

वेदीसमोर नाही, बाजूच्या हॉलमध्ये.
इथे कुणी कुणाला वाचवायचं नाही,
असं साहेब म्हणाले, तेव्हा आमच्याच
कमिटीतले दोघे उठून गेले.
एक परत आला. चहाच्या वेळेला.

बोलणं कसलं, आधी भांडणंच.
गड्ड्याच्या जत्रेतले बत्तासे
गुरसिद्धप्पांनी सगळ्यांपुढे धरले,
तर आमची गायनमंडळाची पोरं छताकडे बघायला लागली.
हत्तुरेबाई म्हणाल्या,
"जत्रेतला पाळणा चालतो, बत्तासा चालत नाही?"
उत्तर त्या दिवशी मिळालं नाही.
बत्तासे मुंग्यांनी नेले.

आणि पिन्नी.
तिसरी रांग, भिंतीकडून दुसरी खुर्ची,
मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं,
कातर चालूच.
घरकुलातून शेअर रिक्षानं येते.
हजार विड्या मोजून द्यायच्या असतात उद्या,
म्हणते, काम हातांना आहे, कान रिकामेच.
माझ्या आईची धाकटी बहीण, नरसव्वा.
शमुवेल म्हणत नाही मला. शामू म्हणते.

त्या गुरुवारी साहेबांनी विचारलं,
श्रद्धेपायी तुम्ही कुणाला नाही म्हणालात?

पंखा कुरकुरला.
कातर थांबली, म्हणून मी तिकडे बघितलं,
आणि बघितलं म्हणून बोलून गेलो.
खुर्च्या मांडणाऱ्याला कुणी विचारलं नव्हतं.

आई गेली तेव्हा मी बावीसचा होतो,
देव मुखपाठ असतो त्या वयाचा.
पिन्नी हळदकुंकू घेऊन आली, खणात गुंडाळून.
सवाष्ण गेलीय अक्का,
मोकळ्या कपाळानं कशी पाठवू, म्हणाली.
मी पेटीपुढे हात आडवा धरला.
"आमच्यात हे चालत नाही."
एवढंच. सत्तावीस वर्षं झाली.

पिन्नीनं सुपातली पानं सारखी केली.
"घातलं होतं," म्हणाली.
"काय?"
"पसुपू, कुंकू. तेंदूच्या पानात पुडी करून,
उशीखाली, डाव्या अंगाला.
तू प्रार्थना म्हणत होतास, सगळ्यांचे डोळे मिटलेले.
लई लांबवलीस रे.
दोरा बांधायला पण वेळ मिळाला."

मुजावर हसले, मग हसलो हे चुकलं का
म्हणून इकडेतिकडे बघत राहिले.
साहेबांच्या तोंडावर एकही वचन नव्हतं.
सत्तावीस वर्षं मी ज्या दाराला पाठ लावून उभा,
त्या घरात ही बाई
खिडकीतून कधीच जाऊन आली होती.

"नीकु कोपम वच्चिंदा?" तिनं विचारलं.
राग आला का तुला.
आईनंतर ही भाषा माझ्याशी
एवढ्या हळू आवाजात कुणी बोललं नव्हतं.
जिभेवर शब्द शोधावा लागला.
"कोंचेम," म्हटलं. थोडासा.
आणि आलाच होता, खोटं का बोलू.
ती म्हणाली, बरं, आणि कातर चालू केली.

नऊला खुर्च्या एकात एक घातल्या.
तिसऱ्या रांगेखाली पानांची कात्रणं,
ती केरात भरली, एक तेवढी खिशात राहिली,
का, ते मला विचारू नका.
साहेब दिवे मालवता मालवता म्हणाले,
शमुवेल, पुढच्या गुरुवारी विषय काय ठेवू या?
मी म्हटलं, आधी पंख्याला तेल घाला.
बारीक आवाजाची माणसं बोलायला लागलीत.