आधी शेजारचा गाळा

एकतीस वर्षं मी वजनं तपासली.
मंडईत, मार्केट यार्डात, बोहरी आळीत.
पितळी प्रमाण वजनांची पेटी शिपाई उचलायचा,
पावती मी फाडायचो.

सापडलेला माणूस कधीच म्हणत नाही की वजन खरं आहे.
तो म्हणतो, साहेब, आधी शेजारचा गाळा बघा.
घुले कांदेवाला. अर्ध्या किलोच्या बुडातलं शिसं
उकरून काढलेलं, आणि वर आवाज:
तो ओसवाल चाळीस ग्रॅम मारतो, त्याला कोण विचारतं?
मी म्हणायचो, विचारतो. तिकडेही जातो.
हे वजन मात्र इकडे द्या.
आणि जायचो. ओसवाल खरंच चाळीस मारायचा.
त्यामुळे घुल्याचा कांदा
एक ग्रॅमही वाढला नाही.

मापात पाप नको, असं निरोपाच्या भाषणात म्हणालो होतो.
टाळ्या पडल्या होत्या.

परवा भोंडवेबाई आल्या, बी विंगच्या.
प्लॅस्टिकच्या फायलीत एकच कागद.
सुमेध अकरा महिने येरवड्यात.
तारीख पडते, सुनावणी होत नाही.
गुडलक चौकात त्यानं एक पुठ्ठा धरला होता
एवढंच.
चौतीस सह्या. आमच्या विंगची एकही नाही.

मी चष्मा पुसला.
म्हटलं, मागच्या सरकारनं पोरं आत टाकली
तेव्हा कुठे होता तुम्ही सगळे?
म्हटलं, सीमेपलीकडे बघा जरा,
तिथे पुठ्ठा धरायला हातसुद्धा ठेवत नाहीत.
आणि ते गोरे देश, आपल्याला अहवाल पाठवणारे,
त्यांच्या तुरुंगांचं काय?
छान बोलत होतो. आतून चहा आला.

बाई म्हणाल्या, त्यांचेही कागद आणा, काका.
वाचून सही करीन.
चहा तसाच राहिला. लिफ्ट बंद होती,
चपलांचा आवाज बराच वेळ उतरत राहिला.

कुठल्याशा दूरच्या देशातल्या एका कवीसाठी
गेल्या साली मी सही केली होती. दोन मिनिटांत.
ते सरकार मला आवडत नाही.

घुल्याचं वजन माझ्या शोकेसमध्ये आहे.
खरं तर जमा करायला हवं होतं.
उलटं केलं. बुडातल्या खड्ड्यात
अंगठा बरोबर बसतो.
शिक्का दोनच वर्षं चालतो, मग फेरतपासणी.
हेही मीच सांगायचो लोकांना.

आज त्यांचा मुलाखतीचा दिवस. दाराला कुलूप.
मी बी विंगच्या जिन्यात बसलोय,
खिशाला पेन.
कोणी विचारलंच, इथे काय करताय,
तर काय सांगायचं
अजून ठरलेलं नाही.