सिंगल फेज

केसपेपरवर शिवलीला सिस्टरनं कन्नडात लिहिलं: आयास.
मी म्हटलं, हे काय?
म्हणाली, तुमचा थकवा हो. सुस्तु.
आमच्यात आयास म्हणजे कष्ट,
त्यांच्यात कष्टानंतर उरतं ते.
वडगावात एकाच भिंतीला दोन दारं असतात
तसा तो शब्द.

गेल्या साली चिकनगुन्या सगळ्या गल्लीला आला,
सगळ्यांचा गेला.
माझाही ताप गेला,
जाताना फ्यूज काढून घेऊन गेला.
आता एक बादली धुणं वाळत घातलं
तर दोन दिवस अंथरूण.
तेही आजच्या आज नाही, उद्या, परवा;
शरीर उधारी लिहून ठेवतं
आणि नेमकं पाहुणे आल्यावर वसुलीला येतं.

रक्त नॉर्मल. थायरॉईड नॉर्मल.
नणंद म्हणते, नॉर्मल हाय म्हणजे बरंच की गे.

गणाचारी डॉक्टरांनी चिठ्ठीच्या पाठीमागे चित्र काढलं:
एक पेशी, आत शेंगदाण्यासारखे दाणे.
तंतुकणिका, म्हणाले, अंगातली वीज इथं होते.
तंतू म्हटल्यावर मी सरसावून बसले.
बावीस वर्षं माग चालवलाय,
तुटलेला तंतू मला अंधारातही बोटांनी सापडतो.
म्हटलं, कुठं तुटलाय दाखवा, सांधते.
ते हसले,
मग हसायचे थांबले.

नक्की कुणालाच ठाऊक नाही, म्हणाले.
कोण म्हणतं ब जीवनसत्त्व पुरत नाही,
साखर भट्टीच्या दारापर्यंत येते, आत घेत नाहीत,
बाहेरच आंबते, पोटऱ्यांत साचते.
कोण म्हणतं शरीर भ्यालंय:
आपल्याकडं बंद पुकारतात तसं
तापात सगळी शटरं ओढली त्यानं
आणि बंद मागे घेतल्याचं
त्याला कुणी कळवलंच नाही.
सुया घेऊन बघू, म्हणाले.
बघू.
आधीचे तिघं खात्रीनं बोलले होते.

त्या रात्री पडल्या पडल्या उलगडलं.
शेडला थ्री फेज लाईट लागते.
कधीकधी नुसती सिंगल फेज येते,
बल्ब पेटतो, पंखा फिरतो,
माग जागचा हलत नाही.
रस्त्यावरनं जाणारा म्हणतो, लाईट हाय की!
तशी मी.
बोलते, वेणी घालते,
आल्यागेल्याला चहा विचारते.
विचारते. पुढचं
नवरा स्टोव्ह पेटवताना काही बोलत नाही,
ते न बोलणं मोजत पडते.

गोळ्यांनी लघवी हळदीसारखी होते.
अर्धी ताकद मोरीतच चालली, नणंद म्हणते,
आणि मला हसू येतं, आणि हसण्यानं दम लागतो.

सहा सुया झाल्या.
परवा माळ्यावर चढले
आणि वर गेल्यावर कशाला आले होते ते आठवलं.
बॉबिनची जुनी पेटी. उघडली नाही, तिच्यावर बसून राहिले.
हे सुईनं झालं का नुसतंच झालं,
सांगता येणार नाही.
डॉक्टरांनी विचारलं तेव्हाही हेच सांगितलं.
त्यांनी तसंच लिहून घेतलं.

मंगळवारी सिस्टर सुई उजेडात धरते,
आत आगळासारखं लाल पाणी,
आणि विचारते, एड? बल?
डावा का उजवा, एवढंच असतं तिच्या मनात.
मला दर वेळी दुसरंच ऐकू येतं.
पदर सरकवत म्हणते, बल.
हळू टोच बाई.