फरक तेवढा

व्हॅनमध्ये अकरा पेट्या, नव्या.
अकरा जुन्या परत न्यायच्या.
कंपनीचं पत्र घरोघर गेलंय:
एकतीस तारखेनंतर जुन्या पेटीला
एचडी वाहिन्यांची भाषा कळणार नाही.
भाषा हा शब्द माझा.
पत्रात 'सुसंगत' आहे.

विशेकच्या पुढे नऊ मैल, खडीचा रस्ता,
सूर्यफुलं कापून झालेली, खुंट तेवढे उभे,
आणि डकोटातला वारा, जो कधी रजा घेत नाही.
लिओना फेटिग दारातच म्हणते,
"तू होय? मला वाटलं, माणूस पाठवतील."
मी शिडी खांद्यावरून उतरवते.
"पाठवणार होते. पण त्याला उंचीची भीती वाटते."
ती हसत नाही.
कॉफी मात्र चढवते.

छपरावर जुनी थाळी,
तिच्या पाठीमागे पाकोळीचं रिकामं घरटं.
नवी थाळी मोठी, पाच डोळ्यांची.
दक्षिणेकडे केसभर सरकवते,
मीटरची शिट्टी चढत जाते,
आणि बावीस हजार मैलांवर
कुणीतरी जागचं हलत नाही
असं आपल्याला वाटावं म्हणून
जिवाच्या आकांताने पळत असतं.

"जुनी चालतेय की. बदलायची कशाला?"
खाली येताच ती विचारते, कप पुढे करत.

सगळं चित्र कुणी पाठवतच नाही, मी सांगते.
एकदाच पाठवतात. मग काय बदललं तेवढंच.
बातम्या देणाऱ्याचे ओठ हलले, ओठ पाठवा.
मागची भिंत? ती आहे तशीच धरून चाला.
जुनी पद्धत एकदोन चित्रं मागे वळून बघायची.
नवी सोळा चित्रं मागे जाऊ शकते,
तुकडेही बारीक पाडते,
चार ठिपके रुंद, चार उंच,
म्हणून जवळजवळ अर्ध्या जागेत तेवढंच मावतं.

"आणि बर्फ पडत असलं तर?"

प्रशिक्षणात हे कुणी विचारलं नव्हतं.
बर्फ अवघड, मी कबूल करते.
बर्फात प्रत्येक ठिपका नवा.
पाण्यावरचं ऊन, जिंकल्यावर उधळलेले कागदाचे कपटे,
तिथे गणिताला घाम फुटतो,
चित्राचे चौकोन सुटे होतात.

"अ‍ॅम्ब्रोझ जानेवारीत गेला," ती म्हणते,
जणू त्याच वाक्याचा उरलेला भाग.

जुन्या पेटीत त्याचे एकशेबारा तास.
बोलिंग. सगळं बोलिंग.
ते नव्या पेटीत येत नाही,
हे मला दर घरी सांगावं लागतं.
लेहरला एकाने पेटी छातीशी धरून ठेवली होती,
वायर लोंबत होती.
लिओना म्हणते, "ने बाई. बेचाळीस वर्षं
त्या पिना पडताना ऐकल्यात."
मी प्लग काढते.
हिरवा दिवा लगेच विझत नाही.

नव्या पेटीवर बिस्मार्कच्या बातम्या.
बातमीदाराच्या टायवरची वीणसुद्धा दिसते.
ती टायकडे बघत नाही.
"भिंत पुन्हा पाठवत नाहीत म्हणालीस."
नाही.
"आणि कुणी भिंतीसारखाच बसून असेल तर?
त्या खुर्चीत. तासन्‌तास."

मी सहीचा कागद शोधू लागते, जो हातातच आहे.
मग आठवतं म्हणून सांगते:
अधूनमधून सगळं चित्र पुन्हा नव्याने पाठवतात.
नाहीतर चुका साचत जातात.
"किती वेळाने?"
सेकंद, दोन सेकंद.
"बरं आहे त्यांचं," ती म्हणते, आणि सही करते,
आडनावाचा ट काठावरून खाली जातो.

व्हॅन वळवते तोच आरशात ती,
एप्रन वाऱ्याने तोंडावर आलेला, हात हलवत.
काच खाली करते.
"बोलिंग कितव्या नंबरला लागतं?"

दोनशे आठ, मी ओरडते.
दोनशे वाऱ्याने नेले.
आठ पोचले असावेत.