उंचीचा वर्ग

मोहाडीच्या पॅकहाउसमध्ये
आठ सीझन झाले, मी मण्यांची मापं काढते.
अठरा मिलिमीटरची प्लास्टिकची रिंग.
मणी आरपार गेला तर इथलाच,
अडकला तर परदेशी.
गोडी रिंगला कळत नाही.
गोडीचं यंत्र वेगळं, त्याच्या काचेवर रस पिळावा लागतो.

परवा शिबिर आलं आणि रिंग आमच्यावर फिरली.
कोल्ड रूमच्या भिंतीला टेप चिकटवलेली,
पेट्यांच्या काट्याशेजारी माणसांचा काटा,
आणि निकुंभ सिस्टर, चष्मा कपाळावर:
चपला काढा, टोपी काढा, टाचा भिंतीला.
झेलूबाई म्हणाली, अंबाडा धरणार का हिशेबात?
सिस्टरांनी पट्टीने तिचा अंबाडा दाबला,
झेलूबाई दोन बोटं कमी झाली.

माझं वजन अठ्ठावन्न. उंची एक मीटर अठ्ठेचाळीस.
आता उंचीचा वर्ग करायचा, म्हणाल्या,
आणि त्यानं वजनाला भागायचं.
वर्ग?
माझा वर्ग सातवीतच सुटला.
खिडकीतून रामशेज दिसायचा त्यातून,
आणि पुढच्या बाकावर कुणीतरी नेहमी उंच.

सिस्टर हसल्या नाहीत.
फाटक्या पेटीच्या पुठ्ठ्यावर पेनानं मांडलं.
उंची गुणिले उंची, दोन पॉइंट एकोणीस.
उंच बाईला जास्त किलो पेलतात, बुटकीला कमी,
म्हणून उंचीला दोनदा विचारायचं.
उत्तर साडेसव्वीस.
आपल्या लोकांनी तेविसाच्या आत राहावं बाई,
आपल्याला साखर लवकर धरते.

साखर धरते, एवढं मात्र मला कळलं.
घडात साखर भरली की आम्ही हुश्श करतो.
आईच्या पायाचं बोट
त्याच साखरेनं नेलं.

खंडू पिंगळे एकोणतीस निघाला.
सगळे हसले. त्यानं तीन क्रेट एकावर एक उचलले
आणि न बोलता गाडीत ठेवले.
दंडाचं वजन वेगळं लिहा की, मी म्हणाले.
कागदाला दंड दिसत नाही, सिस्टर म्हणाल्या, पोटही दिसत नाही.
सुपरवायझर भालेराव, बावीस, एकदम नॉर्मल,
मिशीला पीळ देऊन उतरत होते,
तेवढ्यात सिस्टरांनी टेप त्यांच्या कमरेला लावली,
ती पुढच्या बाजूला बराच वेळ फिरत राहिली.

मग जिवली भोये आली.
पेठहून, दर हंगामाला, नवऱ्यासकट.
काट्यावर चढली तर काटा जागचा हललाच नाही असं वाटलं.
छत्तीस. भागाकार केला, सोळा पॉइंट नऊ.
साडेअठराच्या खाली नको, सिस्टर हळू म्हणाल्या,
आणि पहिल्यांदाच चष्मा डोळ्यांवर घेतला.
पाळी येते का. चक्कर येते का. सकाळी काय खाल्लं.
जिवलीनं एकाही प्रश्नाला मान वर केली नाही.
काल रात्रीच्या पाळीत माझ्यापेक्षा चाळीस पेट्या तिच्या जास्त होत्या.

डबा सुटल्यावर मी कॅल्क्युलेटर घेतला,
पेट्यांचा असतो तो, टेबलाला दोरीनं बांधलेला.
तिचे सोळा-नऊ, माझे साडेसव्वीस.
बेरीज केली, दोनानं भागली.
एकवीस पॉइंट सात!
कागदावर दोघी ठणठणीत.
तिला दाखवलं. ती माझ्या भाकरीकडे बघत होती.
सिस्टरांचा आकडा खोटा नव्हता,
माझा होता.

दुसऱ्या दिवसापासून मी दीड भाकर आणते आणि अर्धी खाते.
धर्म वगैरे काही नाही, माझंही काम होतं त्यात.
शेंगदाण्याची चटणी ती जास्त घेते, मी बोलत नाही.
दवाखान्यात रक्त तपासायला गुरुवारी जायचंय दोघींना,
तिच्या नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही.

काट्यावर पेटी ठेवण्याआधी
रिकाम्या पेटीचं वजन आम्ही वजा करतो.
काल पाळी संपल्यावर, कुणी नव्हतं तेव्हा,
मी पुन्हा चढले.
जोडवी, बांगड्या, ओला एप्रन, खिशातली कात्री
काढून बाजूला ठेवली.
तरी सत्तावन्न.
बाकीचं काय वजा करायचं
ते हळूहळू बघू.