पंचवीस नंबरची ओळ

नारीनच्या इस्पितळात स्विच राहतो
जिन्याखालच्या कपाटात,
झाडू, बादल्या आणि ब्लीचच्या कॅनसोबत.
तेवीस हिरवे दिवे, एक पिवळा.
बाहेर उणे सत्तावीस. इथे त्याच्या पंख्याची ऊब,
म्हणून पहारेकरी झाकीप आपले बूट इथेच वाळवतो.

बिश्केकला जाणारी तार एकच, बारीक.
आणि सगळ्यांनाच एकदम निघायचंय:
हृदयाचे आलेख, एक्स-रे, पगाराचे तक्ते,
रुग्णवाहिकेतून ओरडणारा ड्रायव्हर,
झाकीपच्या टॅब्लेटवरची कोक-बोरूची मॅच.

मेंढरू शिजलं की माझे वडील
कुणाला न विचारता हाडं वाटायचे.
कमरेचं थोरल्याला, बरगड्या सुनांना,
दारासमोरची आतली जागा पाहुण्याला.
चूक झाली तर माणसं वर्षभर बोलत नसत.
मी तेच करते आहे, फक्त मिलिसेकंद वाटते.
आवाज: पहिली रांग. त्याने थांबायचं नाही.
आलेख: दुसरी.
एक्स-रे जड, पण त्यांना घाई नसते.
झाकीप, तुझे घोडे सगळ्यांत शेवटी,
उरलंसुरलं तुझं.

मग दाराचे नियम.
दहा: आयसीयूचे मॉनिटर, येऊ द्या.
वीस: डॉक्टरांचे फोन, येऊ द्या.
तीस: वॉर्डातले व्हिडिओ कॉल, नको.
चाळीस: साधं इंटरनेट, येऊ द्या.
स्विच वरून खाली वाचतो,
जुळली ती पहिली ओळ खरी,
पुढचं वाचायचे कष्ट घेत नाही.
आणि तळाशी एक ओळ असते
जी कुणीच लिहीत नाही:
ज्यांचं नाव वर आलं नाही ते बाहेर.

पावणेअकराला सिस्टर तुर्सुनाय जिना उतरून आली.
सात नंबरचे ओरोझाली.
मुलगी येकातेरिनबुर्गला, गोदामात.
तिची पाळी तिथे दहाला सुटते, इथे अकराला.
रोज तिचा चेहरा येतो,
आज नुसतं गोल फिरतंय.
फोन लावून द्या की, मी म्हटलं,
आवाजाला मी पहिला मान दिलाय.
त्यांना ऐकू येत नाही गं, ती म्हणाली,
ते तिचे ओठ वाचतात.

बरं झालं, मी ओळी दहादहाच्या अंतराने लिहिते.
शिकवणाऱ्याने बजावलं होतं, मध्ये जागा ठेव,
कुणीतरी उशिरा येतंच.

पंचवीस: हा एक टॅब्लेट, येऊ द्या.
रांग: दुसरी, हृदयांच्या शेजारी.
शेऱ्यात कारण लिहायचं असतं.
लिहिलं, "ओरोझालींची मुलगी".
खोडलं.
लिहिलं, "वैद्यकीय उपकरण".
आणि जतन केलं, कारण वीज गेली
की न जतन केलेलं सगळं हा विसरतो.

वरच्या मजल्यावर कुणीतरी फार मोठ्याने हसलं,
आपलं हसू ऐकू न येणाऱ्या माणसासारखं.
झाकीप टॅब्लेट घेऊन दारात उभा,
घोडा हवेतच थांबलाय, म्हणाला,
खाली येणार की नाही?

येईल, म्हटलं.
सव्वाअकरापर्यंत धर त्याला.