रेडा, आवृत्ती अकरा

महाप्याच्या चौथ्या मजल्यावर, एसीच्या गारठ्यात
पाच महिने झाले, मी एक मालवाहू यान बांधतोय.
कागदावर त्याला भारदस्त इंग्रजी नाव आहे.
आम्ही रेडा म्हणतो.

लांबी एकशे चाळीस मीटर.
चिलखत तीन थरांचं :
बाहेरचा थर उल्का खातो,
मधला आग पितो,
आतला नुसता हट्ट धरून बसतो.
पोटात अठ्ठेचाळीस पेट्या,
पाठीवर एकच तोफ, तीही मागं बघणारी,
कारण रेडा कुणाचा पाठलाग करत नाही,
त्याचा होतो.

वळायला त्याला अकरा सेकंद लागतात.
ऑलविन म्हणाला, पोरं कंटाळतील, सहा कर.
मी म्हटलं, रिकामा असताना सहा.
भरलेला असताना अकराच.
ऑलविननं खुर्ची फिरवली, खिडकीबाहेर बघितलं,
पारसिकच्या डोंगराला खाणीनं पाडलेली खपली बघितली,
आणि म्हणाला, बरं.

पण रेडा टिकेना.
चाचे आले की डाव्या कुशीत भोक.
पत्रा वाढवला, वेग मेला.
पत्रा उतरवला, रेडा मेला.
सातव्या आवृत्तीपर्यंत हेच रडगाणं.

रविवारी कोपरखैरण्याच्या खोलीत
आईच्या शिलाई मशीनवर लॅपटॉप मांडून बसलो होतो.
अण्णा मागं येऊन उभे, हातात चहाची बशी.
तुर्भ्याच्या कांदा-बटाटा गाळ्यांत एकतीस वर्षं
त्यांच्या पाठीनं गोण्या मोजल्या.
म्हणाले, "ह्यो उतरवतंय कोण?"

कुणी नाही. बटण दाबायचं, तीन सेकंदांत रिकामा.
"आन् हमाली?"
नाही.
"तोलाई? वाराई?"
अण्णा, तिथं वजनच नसतं कशाला.
"मग भरल्यावर वळाया येळ का लागतोय?"

मला उत्तर येत होतं, दहावीच्या पुस्तकातलं.
दिलं नाही.

बशी खिडकीत ठेवून ते पडद्यावर वाकले.
"समद्या अंगाला सारखाच पत्रा मारलायस.
गोणी काय समद्या अंगावर बसती व्हय?
हितं बसती."
माझा हात धरून त्यांनी बनियनच्या आत नेला,
मानेच्या मुळाशी, जिथं मांसाचा एक उंचवटा आहे,
टणक, थंड, जुन्या टायरसारखा.
लहानपणी मी त्याला आवाळू समजायचो,
डॉक्टरला दाखवा म्हणून मागं लागायचो.
"हितं जाड. बाकी आंग माणसाचंच ऱ्हाऊ दे,
न्हाईतर फळीवरनं चालशील कसा?"

सोमवारी मी रेड्याची पोटं पातळ केली,
सगळा पत्रा खेचून वर आणला, खांद्यावर,
जिकडून मार येतो तिकडं.
आता संकट दिसलं की तो तेवढाच कुशीवर कलतो
आणि मान खाली घालून चालत राहतो.
आठ, नऊ, दहा.
अकराव्याला सोळा चाचे अंगावर घेऊन
तो बंदराला लागला, अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस पेट्यांसकट.
परदेशातल्या गिऱ्हाइकानं विचारलं, हे वशिंड कशासाठी?
ऑलविननं लिहिलं, रचनेची गरज.

एक गोष्ट मी कुणाला सांगितली नाही.
माल उतरवायच्या दारात, आतल्या अंगाला,
खिळ्याला टांगलेला एक आकडा आहे,
लाकडी मुठीचा, मूठ घामानं काळी पडलेली.
त्याला काही काम नाही. कुठलं बटण त्याला लागू नाही.
पोरं तिथून सुसाट जातील, बघणारही नाहीत.

काल रात्री अण्णांना दाखवला.
चष्मा लावून बराच वेळ बघितला त्यांनी.
मला वाटलं, आता काहीतरी बोलतील.

"उलटा टांगलायस," म्हणाले.
"टोक भिंतीकडं पायजे. येताजाता
कुणाच्या तरी डोळ्यात जाईल."

उद्या बारावी.