उलटा हात

धरमपेठेत, झेरॉक्सच्या दुकानावर दुसरा मजला.
तिथे आम्ही कंपन्यांची नावं धुऊन, इस्त्री करून देतो.
सकाळी अकरालाच पारा बेचाळीस
आणि टेबलावर एक बाई,
म्हणजे तिची बातमी, पान तीन, खालचा कोपरा:
सुलभा हेडाऊ, वय एकेचाळीस, गोळीबार चौक,
कूलरमध्ये पाणी भरताना.

कूलर निमजेंचा. शब्द माझे.
‘मे महिन्यात माघ’:
ही ओळ मला तर्रीपोहे खाताना सुचली होती,
कागदाच्या प्लेटवरच लिहिली, तिला तेलाचा डाग होता.
व्हरायटी चौकात ती अजून उभी आहे, चाळीस फूट बाय वीस,
आणि खाली सिग्नलला लोक
डोक्याला दुपट्टे गुंडाळून तिच्या सावलीत थांबतात.
तेवढा गारवा तरी खरा.

तीनपर्यंत निवेदन हवं होतं.
मी लिहिलं ‘मृत्यू’. वकीलसाहेबांनी केली ‘घटना’.
‘आमच्या कूलरमुळे’चं झालं ‘कूलरनजीक’.
सुलभा हेडाऊची झाली ‘एक महिला ग्राहक’.
‘माफी’ तर मी लिहिलीच नव्हती,
आठ वर्षं झाली या धंद्यात, एवढं कळतं.
वायरमन म्हणाला होता, अर्थिंग नव्हतं.
कूलरला की घराला, ते बोलला नाही,
आणि तेवढ्या फटीतून आम्ही बाहेर पडलो,
कंपनी, वकील, मी,
एकामागून एक, चपला हातात घेऊन.
शेवटची ओळ नेहमीचीच:
कंपनी कुटुंबीयांच्या पाठीशी खंबीरपणे उभी आहे.
कूलरही पाठीशीच उभा असतो, खिडकीत.
हे मनात आलं आणि मी घाईनं ‘सेंड’ दाबलं.

बाबा वीज मंडळात लाईनमन होते.
म्हणायचे, लोखंडाला हात लावायचा तर उलटा लाव.
तळहात लावलास आणि करंट असला
तर बोटं मिटतात, धरून बसतात, सुटत नाहीत.
उलटा हात झटक्यानं मागे येतो.
मी निवेदनं तशीच लिहिते.
माणसाला शब्दाची पाठ तेवढी लावते.

रात्री साडेदहाला फोन. यादोराव निमजे स्वतः.
हंसापुरीतल्या टिनाच्या शेडमध्ये पहिले दहा कूलर
त्यांनी स्वतः ठोकले, स्वतः वाळा भरला.
ती गोष्टही मीच लिहिली आहे, दहाचे चार करून.
चार जास्त भावतात लोकांना.

“बाई, छान लिहिलं म्हणतेत सारे.
इंग्रजीतलं मले समजलं नाही,
मराठीतलंही नाही समजलं.
एक विचारू काय?
मी जाऊन येऊ काय त्याइच्या घरी?
नुसता बसून येतो. बोलत नाही काही.”

माझं उत्तर तयार होतं,
याआधी तीन क्लायंटना देऊन झालेलं:
सध्या नको. भेट म्हणजे कबुली धरतात. फोटो निघतात.
“हाव,” म्हणाले.
मग कितीतरी वेळ फोन कोणीच ठेवला नाही.
त्यांच्याकडून कूलरचा आवाज येत होता,
माझ्याकडूनही जात असेल.

टाकी रिकामी झाली होती.
प्लग काढला. पाइप सोडला.
सवयीनं उलटा हात पुढे केला,
आणि का कोण जाणे, वळवून
तळहात ठेवला पत्र्यावर.
ओला होता. गार.
पाणी वरून सांडलं, पायाशी आलं, फरशीभर झालं.
बोटं मिटली होती.
ती आपली आपण मिटली की मी मिटली, सांगता येत नाही.

सकाळी नऊला निमजेंना फोन लावला.
उचलला नाही.
शेडमध्ये असतील,
नाहीतर गोळीबार चौकात
नुसते बसून.